सहाशे चारमधला वास

"डॉक्टर, गोळ्या तुमच्याकडेच ठेवा," प्यो ग्वांगतेक ऐटीत म्हणाला. "घरचं छंगुकजांग महिनाभर खाल्लं की ब्लडप्रेशर मुकाट्याने खाली येतं."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि गोळ्या लिहून दिल्या.

छंगुकजांग म्हणजे आंबवलेले, उग्र वासाचे सोयाबीन. बायको दर हिवाळ्यात ते घरी लावायची. पोटाला बरं, रक्ताला बरं, हाडांना बरं, असं घोकत रस्सा वाढायची आणि ग्वांगतेक नावं ठेवत दोन वाडगे संपवायचा. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती. आता नावं ठेवायची तरी कुणाला?

त्याने सोयाबीन मऊ शिजवले, परड्यांत भरले, त्यात भाताच्या पेंढ्याच्या काड्या खोचल्या आणि सगळ्या परड्या खालून तापवलेल्या ऊबदार जमिनीवर ओळीने मांडून वर जाड रजई घातली. पाच किलो सोयाबीन. एकट्या माणसाला पाच किलो कशाला? पण बायकोचं माप तेच होतं, आणि दुसरं त्याला ठाऊक नव्हतं.

थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या नाकाने तक्रार सोडून दिली, शेजाऱ्यांच्या नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा टोपी-मास्क घालून टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी आणायला गेला. परतला तर सहाव्या मजल्यावर ही गर्दी.

"काय झालं?" त्याने मागून विचारलं.

"सहाशे चारमधले आजोबा गेले," शेजारची, सहाशे पाचमधली, सोलबीची आई नाक दाबून म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या इमारतीत असंच झालं. एकटा माणूस, आठवडाभर कुणाला पत्ता नाही."

"अरेरे," ग्वांगतेक हळहळला. मग त्याच्या लक्षात आलं की सहाशे चार म्हणजे आपणच.

तो सांगणारच होता, पण ती म्हणाली, "फार सज्जन होते हो." त्याला वाटलं, अजून थोडं ऐकावं.

"ओळखत होता तुम्ही?"

"छे, कधी बोललोच नाही. पण काही त्रास नव्हता त्यांचा. असून नसल्यासारखे होते बघा."

ग्वांगतेकला फार वाईट वाटलं. एवढं वाईट त्याला बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात दार उघडायला बोलावलेल्या अग्निशमन दलाच्या जवानाने कुलूप तोडलं. आत जमिनीवर रजईखाली काहीतरी लांबलचक निजलेलं. इमारतीच्या पहारेकऱ्याने टोपी काढली. सोलबीच्या आईने डोळे पुसले. जवानाने रजईचं टोक उचललं आणि वाकून बघतच राहिला.

"सोयाबीन आहेत," तो म्हणाला.

"हात लावू नका हो, अजून एक रात्र हवी त्यांना!" ग्वांगतेक मागून ओरडला आणि त्याने मास्क काढला.

मेलेला माणूस जिवंत निघाला म्हणजे लोक खूश होतील अशी त्याची समजूत होती. लोक पुटपुटत आपापल्या घरी गेले. एकटी सोलबीची आई दारात थांबली.

"आत या ना, थोडा रस्सा करतो," तो घाईघाईने म्हणाला. "पोटाला बरा, रक्ताला बरा."

ती खरंच आत आली. पर्समधून कागद-पेन काढून मऊ आवाजात म्हणाली, "आजोबा, तुमचं नाव काय?"

आठ वर्षांत या मजल्यावर त्याला कुणी नाव विचारलं नव्हतं. त्याने टोपी काढून हातात घेतली. "प्यो ग्वांगतेक," तो सावकाश म्हणाला.

"बरं झालं सांगितलंत," ती लिहिता लिहिता म्हणाली. "तक्रारअर्जात नुसता घरनंबर लिहिलेला चालत नाही."

ग्वांगतेकने तिच्या खांद्यावरून डोकावून नाव बरोबर लिहिलंय ना ते पाहिलं आणि रस्सा तापत ठेवला.