इंजिनाचा मान

बाहेर

बेडशाच्या हौशीरामाने लेकीच्या लग्नाआधी बहिणीकडून एकच वचन घेतलं.

"अक्के, वरात निघंस्तवर तोंड उघडायचं न्हाई. हळद लाव, पानं मांड, पर बोलू नगंस."

"न्हाई बोलत," कस्तुराबाई म्हणाली, आणि सगळ्या भावकीने हुश्श केलं. तिच्या जिभेपायी दोन ठरलेल्या सोयरिकी मोडल्या होत्या आणि एका तलाठ्याने बदली मागून घेतली होती.

वऱ्हाड लोणावळ्याचं. लढाई नुकतीच संपली होती. लष्करी सामानाच्या लिलावात तिथल्या राजमहंमदने विजेचं इंजिन घेतलं होतं आणि त्यावर तो माळावर, तंबूत सिनेमा दाखवी. नवरदेवाचे मामा दत्तोबा ते इंजिन राजमहंमदसकट बैलगाडीत घालून घेऊन आले. गोरज मुहूर्त विजेच्या दिव्यांत लागणार होता.

"खळ्यावर ठिवा त्येला, गोठ्याच्या मागं," हौशीराम म्हणाला.

दत्तोबांचा चेहरा पडला. "आमच्या इंजिनाला गोठ्यामागे?"

"आवाज करतंय म्हून म्हनलं, मामासाहेब."

"आवाज वाजंत्रीही करतात. त्यांना शेणात बसवता का? इंजिन मुलाकडचं आहे. जिथे वऱ्हाड, तिथे इंजिन!"

हौशीरामाने धास्तीने बहिणीकडे पाहिलं. ती ओठ मिटून पानं पुसत होती.

आत

जानवशाच्या माजघरात पाटावर इंजिन बसलं. नवरदेवाच्या आईने, शालूबाईंनी, त्याला हळदकुंकू वाहिलं. धुराची नळी झरोक्यातून बाहेर काढली, भोवतीच्या फटीत घोंगडीचा तुकडा कोंबला. माघाची थंडी, म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या.

"धूर बाहेर, ऊब आत," राजमहंमद इंजिनाजवळ मांडी घालत म्हणाला. उघड्या माळावर, तंबूबाहेर इंजिनापाशी कुडकुडण्यात त्याच्या रात्री जात होत्या.

दिवे लागले. वऱ्हाड हरखलं. मग एकाचं डोकं ठणकायला लागलं. मग दुसऱ्याचं. मग शालूबाईंना मळमळायला लागलं.

"मुलीकडच्या पोह्यांतच काहीतरी होतं."

"तरी मी म्हटलं, फोडणीला वास येतोय!"

"लग्न मोडा!" दत्तोबा भिंत धरत उठले. "मी या गावात पाण्याचा थेंब घेणार नाही!"

आणि ते रुसून निघाले.

बाहेर

अंगणापलीकडच्या जांभळीखाली ते बसले. मामाने रुसायचं आणि मुलीकडच्यांनी मनवायचं, ही रीतच होती. हौशीरामाने टोपी हातात घेऊन मनधरणी केली. दत्तोबा आत गेले. जरा वेळाने डोकं धरून पुन्हा बाहेर. पुन्हा टोपी, पुन्हा मनधरणी, पुन्हा आत.

पुन्हा बाहेर.

बोलायची बंदी असली की माणसाला दिसतं फार. कस्तुराबाईला दिसत होतं की मामा जांभळीखाली बसले की टवटवीत होतात, आणि मनवून आत नेले की पिवळे पडतात. तिने तेच पोहे ताटभर आणले आणि मामांसमोर उभ्या उभ्या संपवले. काही झालं नाही. मग तिने जानवशाकडे बोट दाखवलं, डोकं धरलं, मान टाकली. जांभळीकडे बोट दाखवलं, मान ताठ केली.

"आत गेलं की होतं?" दत्तोबा म्हणाले. आणि थांबले. "आत्याबाई, मी घाटात आगगाडीवर फायरमन होतो. बोगद्यात गाडी अडकली की असंच व्हायचं. आधी डोकं जड, मग पाय लुळे. मग माणूस गुपचूप झोपायचा, आणि—"

"म्होरलं बोलू नगा," कस्तुराबाई बोलली.

वचन मोडलं.

"दिसतो तेवढा धूर झरोक्यातून जातो. न दिसणारा नळीच्या सांध्यांतून गळून घरातच साठतो!" दत्तोबा म्हणाले.

"मग जावा की आत! सांगा त्यास्नी!"

"कसा जाऊ? मी रुसलोय. अजून मनवलं कुठे?"

कस्तुराबाईने त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि जानवशाचं दार ढकललं. "मंडळी, जरा भाईर या."

"वाजंत्री घेऊन न्यायला या, मग येऊ," आतून जडशीळ आवाज आला.

"हितली हवा वंगाळ हाय."

"दार लावा. थंडी येते."

वाजंत्री कामशेतच्या वाटेवरच होते, आणि वाजंत्र्यांशिवाय वऱ्हाड जानवसा सोडत नाही. सोडतं ते एकाच कारणाने, अपमान झाला तर.

"हौशीराम," ती भावाला म्हणाली, "जीभ सोडू का?"

हौशीरामाने आत पाहिलं. बाशिंग बांधलेला जावई, बजरंग, भिंतीला टेकून पेंगत होता. हौशीरामाने हात जोडले. "सोड, अक्के. समदी सोड."

आत

दार सताड उघडून ती उंबऱ्यात उभी राहिली.

"राजमहंमद, हे इंजिन हाय का खोकल्याचा म्हातारा? उजेड तर काजव्याएवढा!"

"बाई, तोंड सांभाळा! बंदच करतो, बसा अंधारात!" त्याने इंजिन बंद केलं आणि झोकांड्या खात निघून गेला.

"विहीणबाई, लुगडं कुनाचं मागून आनलंय? पदर अजून मूळ मालकिनीलाच हुडकतोय!"

"अगं बाई!" शालूबाई उठल्या. त्यांच्यामागे त्यांच्या जावा उठल्या.

"आनि तुमी, काका! लाडू उपरण्यात बांधलं ते बांधलं, मुंग्या तरी हितं सोडून जावा!"

एकेक जण लाल होऊन, भिंत धरत, तरातरा बाहेर पडला. उरला बजरंग.

"नवरदेव, बाशिंग जरा खाली घ्या. म्हंजी त्वांड झाकंल."

"खरंय, आत्या," बजरंग गोड हसला. त्याच्या पापण्या मिटत होत्या.

"माझ्या भाचीला तुमच्यापरीस रेड्याचं स्थळ बरं आलं हुतं!"

"असेल, आत्या."

अपमान न होणारा माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. "मामासाहेब!" ती ओरडली.

जांभळीखाली दत्तोबा उभे राहिले. कोणी मनवायला आलं नव्हतं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मोठा श्वास घेऊन कोंडला, आणि न मनवता आत धावले.

बाहेर

बजरंगला अंगणात निजवलं, अंगरख्याचे बंद सैल केले. हौशीराम त्याच्या छातीकडे बघत राहिला. अखेर बजरंगने डोळे उघडले.

"वाजंत्री आले?"

मग सगळे एकदम बोलायला लागले. डोकी हलकी होताच जो तो आपल्या अपमानाची भरपाई मागू लागला. दत्तोबांनी बोगदा समजावला, तेव्हा कुठे वऱ्हाड गप्प झालं. इंजिन चौघांनी उचलून खळ्यावर नेलं, घरांच्या दारा-खिडक्यांपासून लांब. पण तिथून तार मांडवापर्यंत पोचेना. पोचली ती जांभळीपर्यंत. एकच दिवा फांदीला टांगून लग्न तिथेच लागलं.

वरात निघायच्या वेळी दत्तोबा बैलगाडीत सगळ्यांकडे पाठ करून बसलेले.

"आता काय चुकलं, मामासाहेब?" हौशीरामाने टोपी काढली.

"विहिणीचा अपमान झाला. काकांचा झाला. इंजिनवाल्याचासुद्धा झाला!" दत्तोबांनी तीन बोटं मोजून दाखवली. "मी मुलाचा मामा. मला मात्र एक शब्द नाही!"

हौशीरामाने बहिणीकडे बघून मान हलवली. कस्तुराबाईने पदर खोचला.

"मामासाहेब, उमर बोगद्यात घालवली आनि इंजिन माजघरात मांडलंत! अवो, आमचा बैलबी गाडी घरात आनत न्हाई!"

"आता कसं!" दत्तोबा वळून बसले. "हाका गाडी."