चांदजी सारंग हसले त्याची हकिकत

श्री सागरेश्वर राखो बंदरास, आणि बंदर राखो रयतेस. शके सोळाशे सत्तावीस, पार्थिव नाम संवत्सरे, कार्तिक मासी, समुद्रवेष्टित एका राज्यावर, नाव घेणे नलगे, तुफान चालोन आले आणि माड-पोफळी आडव्या जाहल्या आणि गलबते वाळूत रुतली आणि कोणाचे छप्पर कोणाचे अंगणी पडले. राज्यास उत्पन्न ते काय, सुपारीचे. नवी झाडे फळावयास वर्षे लागणार. दगडी वखारीत गेले सालची सुपारी तेवढी कोरडी राहिली. मग राज्याच्या धनीण बाईसाहेब यांणी बंदरचे कारभारी चांदजी सारंग यांस बोलावून आज्ञा केली की, "चांदजी, मणास पाच होन आले तर रयतेस दाणा आणि रोपे मिळतील. न आले तर बंदरची जकात सावकारांस गहाण लिहून द्यावी लागेल. मग बंदर आपले कसले?" चांदजींचा जन्म त्याच बंदरी गेला होता. मुजरा केला आणि थेट वखारीकडे चालू लागले.

मग पैलतीराहून तीन सावकार दाखल जाहले. त्यांत देवकरणशेट पुढारी. दोन होनांवर कोणी जावयाचे नाही, ऐसे तिघांनी गलबतावरच ठरविले होते. त्या बंदरी भाव मुखाने बोलत नसत. रुमालाखाली हात घालून कारभाऱ्याची बोटे दाबावी, जितकी बोटे तितके होन, आणि रुमालाखालचे कोणी उघड करू नये, ऐसी शपथ असे. सारा गाव वखारीपुढे लोटला आणि देवकरणशेटींनी हात घालून दोन बोटे दाबिली. आणि काय नवल सांगावे! चांदजी हसले, पोट धरून हसले, डोळां पाणी येईतो हसले. दुसरे सावकार वल्लभशेट चपापले. मनी म्हणाले, देवकरणाने दगा दिला, भाव चढविला! मग घाईने हात घालून चार बोटे दाबिली. चांदजी काय ते समजले, आणि मग ऐसे हसले की मागचे हसणे फिके पडले, आणि वर साखर वाटावयास आणविली. देवकरणशेटींस राहवेना. ओरडले, "अरे, मी दोनच दाबिली!" वल्लभशेट कडाडले, "रुमालाखालचे बोलतोस? शपथ मोडलीस, तुझा भरवसा कोणी धरावा?" तों तिसऱ्याने पाची बोटे दाबून अंगठा पुन्हा दाबिला. सहा होन! रुमाल उडाला, शिंगे वाजली, म्हाताऱ्या कोळिणी फुगड्या घालू लागल्या. मोठा आनंद जाहला.

मग बाईसाहेब खासा वखारीवर आल्या, चांदजींस शेला पांघरिला आणि पुसिले, "हसण्याची ही मसलत कोणाची?"

चांदजी बोलिले, "बाईसाहेब, खोटे कसे सांगू? दोन बोटे लागली आणि रडू फुटले. गाव तोंडाकडे पाहात होता. मी रडलो तर गाव खचेल, म्हणोन हसलो. मसलत म्हणाल तर ती दुसऱ्या हसण्याची." बाईसाहेब हसल्या आणि पदराने डोळे टिपले.

येणेप्रमाणे दाणा आला, रोपे लागली, जकात घरची घरी राहिली. त्या दिवसापासून त्या बंदरी भाव कसाही येवो, कारभारी आधी पोटभर हसतो, आणि सावकार एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. हकिकत जाहली ती लिहिली असे.