रेडिएटरला उंदराचा काळा

पेणजवळच्या रामवाडीतल्या भरतने मोटरसायकल विकायला होकार दिला तेव्हा रविवार होता आणि पोटात मटण होतं. (या दोन गोष्टी जुळल्या की तो कशालाही होकार देतो, हे रोहिणीला लग्नानंतर फार लवकर समजलं होतं.)

"आपण साधी स्कूटर घेऊ," ती म्हणाली. "तुमच्या गाडीवर भाजीची पिशवी धरून बसले की पिशवी एकीकडे नि मी एकीकडे."

होकार देऊन भरत मागच्या पडवीत गेला, गाडीवरची ताडपत्री ओढली आणि त्याला एकदम भरून आलं. नोकरी लागल्यावर हौसेने घेतलेली गाडी. साखरपुडा झाल्यावर दर रविवारी तो हिच्यावरून रोह्याला जायचा. सासरे हैबतराव दारात उभे राहून बजावायचे, "दिवेलागणीच्या आत परत या." मग रोहिणी मागे बसायची, दोघं नागोठण्यापर्यंत यायचे, अंबा नदीच्या काठी थांबायचे. नदीत बघण्यासारखं फार काही नसायचं. तरी ते तासभर बघायचे.

"शेवटची एक फेरी मारू," तो आत येऊन म्हणाला. "रोह्याला, आबांकडे. मग खुशाल विकू."

रोहिणी भांडी घासायची थांबली. "जाऊ या," म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ होता की भरत लगेच बादली घेऊन गाडी धुवायला बसला.

तिथेच घोटाळा झाला. रेडिएटरवरचा काळा रंग सुटून आला होता. पापुद्रे असे वर आलेले, की जणू कुणी पापड वाळत घातलेत.

शेजारचा सुशील कुंपणावरून डोकावला. "कूलंट झिरपत असंल. तो रंग खातो."

भरतने हाताला लागलेल्या पहिल्या फडक्याने रेडिएटर पुसला. कूलंट हिरवा असतो, म्हणून हिरवा डाग पडला तर गळती, नाही पडला तर गळती नाही. डाग हिरवा नव्हता, काळा होता. आणि फडकं म्हणजे रोहिणीचा ठेवणीतला रुमाल होता.

"मग खाडीचा खारा वारा," सुशील म्हणाला.

"मग तुझ्या गाडीचा रंग कसा शाबूत?"

"मी गाडी धूतच नाय."

भरतच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी स्वच्छ राहावी म्हणून तो महिन्याकाठी वॉशिंग सेंटरवर जायचा, पाण्याची बंदूक स्वतःच्या हातात घ्यायचा आणि अगदी नळी टेकवून रेडिएटरवर फवारा सोडायचा. (प्रेमच तेवढं होतं.) रोग सापडला. रोगाचं नाव भरत होतं.

आता उपचार. पेणमध्ये रंगाच्या माणसांना तोटा नाही. भरतने रेडिएटर काढला आणि थेट गणपतीच्या कारखान्यात वर्गमित्र कान्हूकडे नेला.

"ह्याला रंग मारशील?"

"मी मूर्तीच्या डोळ्यांत जीव आणतो, ह्यो डबा काय चीज हाय?" कान्हू म्हणाला. "काळा पायजे ना? गणपतीपुढच्या उंदरांसाठी काढलेला उरलाय."

"ह्याला म्हणे उन्हातान्हात तग धरणारा, पातळ रंग लागतो."

"पातळ कशाला? गिऱ्हाईक नावं ठेवंल." कान्हूने आधी पांढरं अस्तर दिलं, वर उंदराच्या काळ्याचे तीन हात आणि शेवटी वॉर्निश. इंजिन गार ठेवणारा वारा जातो त्या रेडिएटरच्या जाळीतल्या बारीक फटी पार बुजून गेल्या. वारा सोडा, मुंगीसुद्धा पलीकडे जाऊ शकली नसती. पण चमकत असा होता, की घरी आणल्यावर रोहिणीने विचारलं, "आरती करू का ह्याची?"

पुढच्या रविवारी दोघं निघाले. रोहिणीने साखरपुड्यातला पिवळा दुपट्टा घेतला होता. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापू लागली. पुढे जळक्या वॉर्निशचा वास सुटला. नागोठण्याला नदी दिसली आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, पाठोपाठ वाफ. भरतने गाडी बाजूला घेतली.

रोहिणी खाली उतरली. नदीकडे बघून हसली. "इथंच थांबायचो आपण. तुम्हाला माझ्याशी बोलायचं असायचं, म्हणून तुम्ही मुद्दाम गाडी थांबवायचात."

भरत वाकून रेडिएटर बघत होता. बिघाडाच्या नादात असलेल्या माणसाने कधी तोंड उघडू नये. त्याने उघडलं.

"मुद्दाम कसली? तेव्हा हिचा पंखा बंद होता. इथवर आली की तापायचीच."

रोहिणी नदीकडून त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे मला नदी दाखवायला नाय थांबायचात?"

"नदी..." भरत सरळ उभा राहिला. "समोरच होती, म्हणून दाखवायचो."

तिने पाठ फिरवली. खांदे हलायला लागले. भरत घाबरून पुढे गेला, तर ती तोंडावर दुपट्टा धरून हसत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "आणि मी अख्ख्या रोह्यात सांगत फिरले, काय हौशी नवरा मिळालाय म्हणून!"

मग दोघं काठावर बसले. वडापाव आणला, खाल्ला. पुन्हा तासभर नदी बघितली. फोन केल्यावर हैबतराव टेम्पो घेऊन आले आणि गाडी वर चढवू लागले.

"आबा, ही गाडी आम्ही विकत नाय," रोहिणी म्हणाली. "फक्त ह्यांना रंगाला हात लावू देऊ नका."

भरतची छाती फुगली. जुने दिवस आज पुरते परत आले होते. त्याने मोठ्या आशेने सासऱ्यांना विचारलं, "आबा, खरं सांगा. तेव्हा एवढी स्थळं आली होती. माझ्यात काय बघून पोरगी दिलीत?"

हैबतरावांनी दोरीची गाठ आवळली.

"तुमच्यात नाय, जावईबापू. गाडीत. बाकीच्या पोरांच्या गाड्या मुंबईपावतर जायच्या. तुमची, पोरगी बघायला आलात त्या दिवशीच, नागोठण्याच्या पुढं जायला तयार नव्हती. म्हटलं, पोरगी जवळच राहील."