कमलाबाईंचा हात

चेन्नईतल्या आमच्या अड्यारच्या बिल्डिंगीत कुणाच्या दारातली चप्पल उलटी पडलेली दिसली की समजावं, दुसऱ्या मजल्यावरच्या कमलाबाई येऊन गेल्या. तळ कुठून झिजलाय ते बघून त्या घरात कुणाची कंबर धरलीय ते सांगतात. उलट्या चपलेनं घरात भांडण होतं, हे मी त्यांना चारदा ऐकवलं. "भांडण कंबर दुखते म्हणून होतं, अण्णा," म्हणाल्या.

बाई तंजावरकडच्या मराठी. साठीच्या, एकट्या. हातांनी सांधे-स्नायू मोकळे करायची ऑस्टिओपॅथी नावाची विद्या परदेशात शिकून आलेल्या. मी चौथी पास, पण सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होतो. जाम झालेली वस्तू कशी सोडवायची ते मला कुणी शिकवू नये.

आमची सून मेघा पेरुंगुडीला कॉम्प्युटरवर काम करते. पहिलटकरीण. सहावा लागला आणि तिची कंबर अशी धरली की कूस बदलतानाही डोळ्यांत पाणी. पहिलं बाळंतपण माहेरी, साताऱ्याला व्हायचं ठरलेलं. पण वीस तास गाडीत बसणार कशी? "आता आईकडं जाणं होत नाही," म्हणून पोर उशीत तोंड घालून रडली.

कमलाबाईंना बोलावलं. त्यांनी आधी बाळंतपणाच्या डॉक्टरणीची चिठ्ठी मागितली. "आधी पुसणं, मग हात लावणं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग मेघाला डाव्या कुशीवर निजवलं, गुडघ्यांत उशी दिली आणि कमरेवर नुसता तळहात ठेवून बसल्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मध्ये एकदा बोटं इतकीशी सरकली.

मला राहवेना. "बाई, जरा जोर लावा की. नट जाम झाला तर पाना दाबावाच लागतो."

"सरी, सरी," म्हणजे बरं, बरं. "ही पोर आहे अण्णा, नट नाही. तुम्ही बाहेर बसा."

माझ्याच घरात मी बाहेर. बसलो. थोड्या वेळानं आतून घोरणं ऐकू आलं. मला वाटलं, बाईच झोपल्या. बघतो तर मेघा.

महिनाभर त्या येत राहिल्या. उठताना आधी कुशीवर व्हायचं, ऑफिसात तासातासानं चार पावलं चालायचं, सगळं शिकवलं. आमच्या मुलालाही हात ठेवायला शिकवलं. त्याचा हात जड पडला की म्हणायच्या, "पोदुम, पोदुम." म्हणजे पुरे. दुखणं साफ गेलं नाही, पण पोर सुखानं बसू-उठू लागली. डॉक्टरणीनं प्रवासाला हो म्हटलं. बाईंचं बरोबर निघालं असं मी कुणाला बोललो नाही. इथं लिहितोय तेवढंच.

निघायच्या सकाळी ओटी भरायची होती. शेजारणी जमल्या. कमलाबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या.

"आत या," मी म्हटलं.

"मला मूल नाही, अण्णा. लग्नच नाही. मी इथूनच बघते."

इतक्या गरोदर बायकांना हात देणारी ही बाई. एकाही घरानं तिला ओटीला बोलावलं नव्हतं.

आमची ही माझ्याकडं बघू लागली. मी रीत मोडत नाही, हे साऱ्या बिल्डिंगीला ठाऊक. मी तांदळाचं ताट उचललं आणि कमलाबाईंच्या पुढं धरलं. "पहिली ओंजळ तुमची. ह्या घरातली रीत मी ठरवतो."

मेघानं उंबऱ्यापाशी येऊन पदर पसरला. बाईंनी घाईघाईनं ओंजळ रिती केली आणि निम्मे तांदूळ फरशीवर गेले. त्या खाली बसून एकेक दाणा वेचू लागल्या. मान वर करेनात.

"सांडू द्या," मी म्हटलं. "डब्यात अजून आहेत."