भटूआप्पांची केशरी चाकं

कुकर गॅसवर चढला की आमचे शेजारी भटूआप्पा घराबाहेर येऊन उभे राहतात. पायात चपला, हातात घराच्या कागदपत्रांची पिशवी. तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद केला, की मगच आत. गॅस बंद करायला मात्र त्यांना आत जावंच लागतं. तेवढे चार क्षण ते श्वास रोखून धरतात. तळोद्याच्या आमच्या कॉलनीत आप्पा अंगणात दिसले की लोक समजतात, आज वरण आहे.

आप्पा कशालाही घाबरतात. विजेच्या खांबाला, अनोळखी नंबरला, लिफाफ्यातून आलेल्या पत्राला. "लक्षण बरं दिखत नही, सर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आभाळ भरून आलं तरी तेच, निवळलं तरी तेच. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून त्यांच्या सगळ्या शंका माझ्याकडे येतात.

घरात तेव्हा दोनच माणसं होती, आप्पा आणि त्यांची सून ज्योती. मुलगा तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला, बायको त्याच्याही आधी. ज्योती खापरच्या दवाखान्यात नर्स होती. नवऱ्याची जुनी पांढरी गाडी घेऊन ती रोज अक्कलकुव्यावरून खापरला जायची. रस्त्यावर सुरतकडचे ट्रक नुसते अंगावर येतात. ती पोचल्याचा फोन आल्याशिवाय आप्पा चहाला तोंड लावत नसत.

असा हा माणूस दिवाळीच्या सुट्टीत माझ्या दारात आला. हातात फवारायच्या रंगाचे चार डबे.

"सर, गाडीना चाकं रंगाडना शेत."

रंग रबरासारखा होता, भडक केशरी. एकावर एक पाच-सहा हात फवारायचे. वाळल्यावर नको वाटला, तर सालीसारखा सोलून काढायचा. आप्पांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला होता, की त्यातल्या हिंदी बोलणाऱ्या माणसाच्या खोकल्याची जागासुद्धा त्यांना पाठ होती.

"मग पक्काच रंग द्या ना," मी म्हटलं.

"पक्का नको," एवढंच ते म्हणाले.

डब्यावर 'ज्वालाग्राही' असं छापलेलं. ते वाचल्यापासून आप्पांची झोप उडाली. डबे माठाच्या आडोशाला ठेवून ते तासातासाला त्यांना ताप मोजायचं थर्मामीटर लावत. रंगवायच्या दिवशी भल्या सकाळी त्यांनी स्वतःच्या घरातला देवाचा दिवा विझवला, मग आमच्याही. माझ्या बायकोला उदबत्तीसुद्धा लावू दिली नाही.

काम मात्र नेटकं. आधी साबणानं चाकं घासली, कोरडी केली. टायर आणि रिम यांच्या फटीत पत्ते खोवले. आमच्या ओट्यावरच्या रमीचा अख्खा जोड त्यात गेला. ब्रेकवर रंग उडू नये म्हणून चाकाच्या भोकांतून आत वर्तमानपत्राचे कागद कोंबले. मग पसरट, हलका हात. दर हातानंतर दहा मिनिटं थांबणं. थांबलेल्या वेळात आप्पा चाकाकडे असे बघत, की जणू ते आत्ता उठून पळून जाईल.

आठ वाजता चारही चाकं केशरी झाली. पत्ते काढले, कागद काढले. नऊनंतर दवाखान्यातून फोन आला म्हणून ज्योती घाईनं निघून गेली. मी दाढीला बसलो, तोच आप्पा धावत आले.

"सर, नऊ पेपर लिधा व्हतात. आठच शेत!"

"असेल कुठे तरी."

"चाकमा शे! ब्रेकवर शे! तापी जाई, पेटी जाई!" त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "तिले फोन लावा."

फोन लावला. उचलला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही सक्त ताकीद आप्पांनीच दिलेली.

मी अर्ध्या दाढीनिशी मोटरसायकल काढली. गेल्या कित्येक वर्षांत आप्पा दुचाकीवर बसले नव्हते. त्यांनी माझं हेल्मेट माझ्या हातातून घेतलं, डोक्यात घातलं आणि मागे बसून माझी कंबर आवळली.

"हळू चालाडा, सर. हळू!" आणि लगेच, "जल्दी! जल्दी!"

अक्कलकुव्यापर्यंत मला हसू येत होतं. पुढे रस्त्यावर गर्दी दिसली. ट्रक उभे, माणसं धावताहेत, मधून धूर. आप्पांची पकड सुटली. माझ्या पाठीवर त्यांचं कपाळ टेकलं.

"तुम्ही दखा," ते म्हणाले. "मी दखू नही शकस."

मी पुढे गेलो. कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर कलंडला होता आणि कुणीतरी बाजूचं गवत पेटवलं होतं. केशरी चाकं कुठेच नव्हती. परत आलो, "आपली गाडी नाही," म्हटलं आणि मोटरसायकल सुरू केली.

खापरच्या दवाखान्यासमोर गाडी धडधाकट उभी होती. आप्पा हेल्मेटसकट जमिनीवर आडवे झाले आणि एकेका चाकात डोकावू लागले. कागद कुठेच नाही. तेवढ्यात ज्योती धावत बाहेर आली.

"आप्पा! काय व्हयनं?"

आप्पांनी उठून हेल्मेट काढलं. खाली केसांवर कागदाची टोपी होती. रंग उडू नये म्हणून सकाळी त्यांनीच घडी घालून केलेली, केशरी शिंतोड्यांची, आणि घाईत आम्हा दोघांच्याही ध्यानात न आलेली. नववा पेपर.

ज्योती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. "बसा आठेच, चहा लयस," म्हणत बाकाकडे बोट दाखवून ती आत गेली.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आप्पा टोपी हातात चुरगळत होते.

"सर, तिना बापना फोन उनथा. रनाळाथून. स्थळ शे. नवापूरले मास्तर शे, मानूस चांगला शे. मी हा सांगी दिधं."

"ज्योतीला माहीत आहे?"

"तिले सगळं ठाऊक शे. माले सांगाले घाबरी ऱ्हायनी." ते गाडीकडे बघत होते. "गाडी तिनीच शे, तिनासंगे जाई. रिमले गंज व्हता. तठला लोक काय म्हनतीन?"

"म्हणून रंगवलीत?"

"रंग तिले आवडस. पन तठे कोनले नही आवडना, ते सोली टाकता यी. रंगपायी तिले बोल नको."

पुढचं त्यांनीच सांगितलं.

"भ्याव ते वाटस, सर. पन मन्ह्या भ्यावमुळे तिनी कितला दिन थांबानं?"

ज्योती तीन कप घेऊन आली. आप्पांनी कप घेतला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "बेटा, तुन्हा बापले मी हा सांगेल शे."

ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या शर्टाच्या बाहीवरचा रंग नखानं खरवडत राहिली. त्या दिवशी आप्पा माझ्याबरोबर परतले नाहीत. तिची ड्युटी संपेपर्यंत बाकावरच बसून राहिले.

माघात लग्न झालं. ज्योतीनं बदली करून घेतली. कन्यादानाला रनाळ्याच्या मंडळींनी आप्पांनाही पाटावर बसवलं. समोर होम पेटलेला होता, तरी ते उठले नाहीत.

आता दुपारी कधीतरी ते आमच्याकडे येतात. शंका काही नसते. "बसानं शे," म्हणतात आणि बसतात. मोबाईल वाजतो. ज्योती विचारते, जेवलात का?

"जेवनू बेटा. पोट फुटस इतलं जेवनू," आप्पा सांगतात.

माझी बायको आतून हे ऐकते आणि काही न विचारता त्यांचं पान वाढायला घेते.