ढोम्याने अडवलेली विहीण

"राहीच्या साखरपुड्याला कुत्रा नको. शेजारी ठेवून या," असं आमची बायको किशोरी म्हणाली. लेकीच्या साखरपुड्याला घरचा ढोम्या नसेल तर कोण असेल? ठेवून घेतला!

रेवदंड्यात कुत्र्याला माझ्यासारखं वळण लावणारा दुसरा कोणी नाही. अंगणात वाळत घातलेले कोलंबीचे सोडे गायब व्हायला लागले, तेव्हा मीच ढोम्याला शिकवलं. आत कोणीही येऊ दे, पण घरातलं काही घेऊन फाटकाकडे निघाला की आडवा हो.

पालीकडून व्याही मंडळी आली, तेव्हा ढोम्याने शेपूट हलवून सगळ्यांचं स्वागत केलं. राहीच्या बोटात अंगठी पडली, जेवणं झाली. मी किशोरीकडे ऐटीत बघत होतो.

मग किशोरीने विहीणबाईंची, म्हणजे नीराबाईंची, ओटी भरली. वर सोड्यांची पिशवी दिली. नीराबाई निघाल्या आणि ढोम्या फाटकात आडवा होऊन गुरगुरायला लागला.

"ह्याला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय वो, त्याला वाटतंय तुम्ही चोरी करून चाललाय," मी खुलासा केला.



"आम्ही भातशेती करतो, हिरामणशेठ," व्याही म्हणाले.

"तसं न्हाय. तो सगळ्यांनाच चोर समजतो."

"म्हंजे आमचं अख्खं खानदान?"

मी घाईघाईने पिशवी घेतली आणि स्वतः फाटकाकडे निघालो. ढोम्या माझ्यावरही गुरगुरला. पिशवी खाली ठेवली, तरी नीराबाईंच्या ओटीतला नारळ होताच. भरली ओटी दारात रिकामी कोण करणार?

"सोयरीक मोडायचीच असंल तर तोंडानं सांगा," नीराबाई म्हणाल्या. माझ्या शहाणपणापायी पोरीचं ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं.

तेवढ्यात राही पुढे झाली. तिने सासूबाईंचा हात धरला. "चला आई, मी सोडते."

राहीचा शब्द ढोम्या मोडत नाही; तिला सोबत बघून त्याने नीराबाईंना वाट दिली. पण राहीने फाटकाबाहेर पाऊल टाकलं मात्र, त्याने तिचा पदर दातात धरला. गुरगुरला नाही, नुसता कुंकूं करत राहिला.

नीराबाई खदखदून हसल्या. "बराबर हाय रे बाबा. घरातली खरी वस्तू आम्ही हीच नेतोय." त्यांनी किशोरीला सांगितलं, "लग्नाला ह्याला घेऊनच या."

"आन् ह्यांना?" किशोरीने माझ्याकडे बोट दाखवलं.

विहीणबाईंनी आधी ढोम्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यांना आणा, पण बांधून ठेवा."