पुन्हा एकपासून

एका जंगलात, बाळांनो, फोटो निघाल्याशिवाय काहीच घडत नसे.

म्हणजे घडायचं. पण ते घडलं असं कुणी धरायचं नाही. बगळ्याने मासा गिळला आणि फोटो नाही? मग तो मासा अजून तळ्यातच. टिटवीला पिल्लं झाली आणि फोटो नाही? मग टिटवीचे डोहाळे अजून चालूच. सिंहमहाराजांचा कायदाच होता तसा. चिंचेखाली बसून दोन घास खायचे तरी आधी फोटो, मग घास.

कॅमेरा मात्र जंगलात एकच. तो असायचा यमूताईंकडे. यमूताई म्हणजे आपली सायाळ. अंगावर काटेच काटे, पण बोलणं कसं, लोण्यासारखं. सोमवार, संकष्टी, एकादशी, चातुर्मासातले नेम, त्यांनी काही म्हणता काही सोडलं नव्हतं. सायाळीला तशीही रताळी आवडतात आणि उपवासाला तीच चालतात. त्यामुळे देवही खूश, यमूताईही खूश.

"ज्या बाईचा एक सोमवार कधी चुकला नाही, तिच्या हातून कॅमेरा काय चुकणार?" असं म्हणून तरसोपंत प्रधानांनी तो त्यांच्या गळ्यात घातला. काट्यांत अडकून त्याचा पट्टा दोनदा तुटला, तेवढंच.

त्या उन्हाळ्यात सगळं पाणी आटलं आणि एकच पाणवठा उरला. महाराज तिथे झुडपाआड बसून राहायचे. पाणी प्यायला येणारा प्राणी परत जायचाच असं नाही. शेवटी सगळे मिळून महाराजांकडे गेले, रडले, पाया पडले. महाराजांनाही त्या दिवशी पोटभर झालेलं होतं. त्यांनी पाण्यात पंजा बुडवून शपथ घेतली, "या पाणवठ्यावर मी कुणालाही खाणार नाही."

यमूताईंनी फोटो काढला. कॅमेऱ्याने त्याला आपला अंक दिला, सात. झालं! शपथ घडली.

पुढे कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं. हुप्पाजी वानराने त्यातले सगळे फोटो वडाच्या ढोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरात ओतले आणि कार्ड कोरं केलं. यमूताईंना वाटलं, एवढं मोठं काम निर्विघ्न तडीस गेलं, उद्यापन नको का करायला? त्यांनी कार्डाला हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या सुंदरा हरिणीला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. मग कोरं कार्ड कॅमेऱ्यात घातलं. तोच कॅमेऱ्याच्या पाठीवर अक्षरं उमटली.

"काय म्हणतोय गं तो?" सुंदराने विचारलं.

"विचारतोय, मागचे अंक पुढे चालू ठेवू, की पुन्हा एकपासून?"

"इश्श! हे काय विचारणं झालं? मागचं उद्यापन झालंय ना?"

"तेच म्हणते मी. एका व्रताचे सोमवार दुसऱ्या व्रतात धरायचे? देवाला फसवल्यासारखंच ते. नवा संकल्प, नवी मोजणी."

आणि यमूताईंनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं, 'पुन्हा एकपासून'.

कोरं केलेलं कार्डही यथावकाश पुन्हा भरलं. हुप्पाजी पुन्हा ओतायला बसला. कॉम्प्युटरने विचारलं, "या अंकाचा फोटो आधीच आहे. जुन्याच्या जागी नवा ठेवू?"

हुप्पाजीच्या गालात चिंचा होत्या. त्याने मान डोलवली आणि 'हो' दाबलं. कॉम्प्युटरने पुन्हा तेच विचारलं. पुन्हा 'हो'. मग तो वैतागला आणि त्याने 'सगळ्यांना हो' दाबून टाकलं.

"अरे, वाचून तरी बघ," फांदीवरचा पोपट म्हणाला.

"वाचायचं कशाला? 'नाही' म्हटलं की पुढे आणखी काहीतरी विचारतात. 'हो' म्हटलं की गप्प बसतात," हुप्पाजी म्हणाला. बाळांनो, हुप्पाजीचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती.

मग एके दिवशी काय झालं, सुंदरा आपल्या पाडसाला पहिल्यांदाच पाणवठ्यावर घेऊन आली. पाडसाने पाण्यात तोंड घातलं, आणि झुडपातून झेप आली! पाडस महाराजांच्या पंजाखाली.

"महाराज, शपथ! शपथ आहे तुमची!" सुंदरा ओरडली.

महाराज जरा ओशाळले. पण तरसोपंत शेजारीच होते. शिकारीतला उरलेला भाग त्यांना मिळायचा. ते म्हणाले, "शपथ असेल तर फोटो असेल. फोटो दाखवा, पाडस घेऊन जा. कायदा म्हणजे कायदा."

सगळं जंगल वडाकडे निघालं. महाराजांनी पाडसाला मानेला धरून उचललं होतं. ते एवढंसं पोर, मेलं रडतही नव्हतं. नुसतं आईकडे बघत होतं. यमूताईंनी वाटभर जप केला. मनात म्हणत होत्या, सात. सातच अंक. माझ्या हातचा फोटो आहे, जाणार कुठे?

"हुप्पाजी, सातवा काढ."

हुप्पाजीने सातवा काढला. कॉम्प्युटरवर दिसलं ते असं: खडकावर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या आणि कोपऱ्यात एक कावळा.

"ही शपथ?" तरसोपंतांनी डोळे बारीक केले. "या तर पापड्या आहेत, बाई. आणि त्यासुद्धा कच्च्या."

"फोटो नाही, म्हणजे शपथ नाही," महाराज म्हणाले. खाली ठेवलेल्या पाडसावर त्यांनी पंजा घट्ट रोवला.

यमूताईंच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. पापड्या तर दुसऱ्या खेपेच्या! मग त्यांना सगळं उमगलं. डोळे पुसत त्या पुढे आल्या.

"महाराज, हे माझ्यामुळे झालं. कोऱ्या कार्डाला मीच पुन्हा एकपासून अंक दिले. नव्या सातने जुना सात पुसला. पाप माझं आहे. मी प्रायश्चित्त घेईन."

"घ्या सावकाश. आम्ही जेवून घेतो."

"पण पाप केवढं झालंय ते आधी नीट कळायला हवं ना? कमी प्रायश्चित्त घेतलं तर देवाला पोचत नाही. एकटा सातच कसा गेला असेल? सगळेच गेले असणार. हुप्पाजी, पहिला काढ रे बाबा."

हुप्पाजीने पहिला काढला. चिखलात डुकरोजी रानडुक्कर आडवा पसरला होता. गळ्यात कुठूनशी आलेली झेंडूची माळ. चेहऱ्यावर परम समाधान.

"छान आलाय," गर्दीमागच्या चिखलातून डुकरोजी म्हणाला.

"इथे आधी काय होतं?" महाराजांनी विचारलं.

यमूताईंनी हात जोडले. "कॅमेरा ज्यासाठी आणला तेच, महाराज. आपला राज्याभिषेक."

सगळ्यांचे डोळे पुन्हा फोटोतल्या झेंडूच्या माळेवर गेले.

मग मागून आवाज आला, "म्हणजे... मी का?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. डुकरोजीने पाय जुळवले, पोट आत घेतलं. मोराला सवयच होती, तो मोठ्याने म्हणाला, "महाराजांचा विजय असो!" आणि मान डुकरोजीकडे झुकवली. तरसोपंतांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि ते हळूच दोन पावलं चिखलाच्या बाजूला सरकले.

"तरसोपंत!" सिंह ओरडला.

"कायदा म्हणजे कायदा, सिंहराव," तरसोपंत जमिनीकडे बघत पुटपुटले.

डुकरोजीने पहिलं फर्मान काढलं, "उभे का सगळे? बसा. चिखल गार आहे."

अर्धे बसलेसुद्धा. तेव्हा सिंहाने अशी डरकाळी फोडली की हुप्पाजीच्या गालातल्या चिंचा बाहेर पडल्या. "थांबा! फोटो नसला म्हणून काय झालं? जे घडलं ते घडलंच! सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय ना?"

"हो ना, महाराज," यमूताई भाबडेपणाने म्हणाल्या. त्यांना खरंच हायसं वाटलं होतं. "देवाच्या दारी तसंच असतं. मग शपथही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे तीही घडलीच की!"

महाराजांनी पंजाखाली पाहिलं. मग डुकरोजीकडे पाहिलं. तो माळ शोधत होता.

पंजा उचलला गेला. पाडस धडपडत आईच्या पोटाखाली शिरलं, आणि सुंदरा त्याला चाटत राहिली, चाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी यमूताईंना बोलावून घेतलं. "राज्याभिषेकाचा नवा फोटो काढा. आजच्या आज. शपथेचं बघू मागाहून."

"मागाहून कशाला?" यमूताई म्हणाल्या. "दोन्ही एकाच फोटोत घेऊ, महाराज. वेगवेगळे असले की चुकामूक होते."

म्हणून त्या जंगलात अजूनही एक फोटो आहे. पाणवठ्यात, गुडघाभर पाण्यात, सिंहासन. त्यावर मुकुट घातलेले महाराज, एक पंजा पाण्यात बुडवलेला. शेजारी एक पाडस पाणी पितंय, आणि महाराज कॅमेऱ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करताहेत. त्या फोटोचा अंक कितवा, ते यमूताईंनी मुद्दाम पाहिलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, चूक करायचीच असेल तर मन लावून, पुरती करावी. थोडं पुसलं गेलं की गरिबाचं जातं. सगळंच पुसलं गेलं की राजालासुद्धा खरं आठवतं.